विड्यांचा आकडा घसरत गेला: निपाणी भागातलं नैराश्याचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका बाईचं नाही. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या विडी कामगारांच्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते बांधलं आहे, म्हणून नाव-गाव दिलेलं नाही. औषधं, मात्रा, तपासण्या आणि लागणारा वेळ मात्र प्रत्यक्ष उपचारात असतो तसाच आहे.

काय दिसत होतं आणि कुणाला

बाईंचं वय ४९. पंचवीसेक वर्षं घरी बसून विड्या वळतात. पानं, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून मोजून मिळतो, तयार माल मोजून परत द्यायचा. हात बसलेल्या बाईला दिवसाला आठशे-नऊशे विड्या जड नसतात आणि या बाईंचा आकडाही नऊशेच्या आसपास होता. वैशाखात धाकट्या लेकीचं लग्न झालं. जूनच्या अखेरीस आकडा सातशेवर आला, ऑगस्टात पाचशेवर आणि गणपती उठल्यावर साडेतीनशेवर. छाटही वाढली, म्हणजे माल देताना खराब म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्या. माल घेणारा म्हणायचा, "वैनी, दोरा ढिला पडतोय, लक्ष कुठं हाय?"

हा आकडा म्हणजे एक प्रकारची तपासणीच होती. नैराश्यात हालचाल मंदावते, लक्ष टिकत नाही, आणि बोटांनी करायच्या बारीक कामात ते उमटतं. पण वही कारखान्यात होती, आणि घरच्यांना फक्त मजुरी कमी आल्याचं कळत होतं.

सुनेला वेगळंच दिसत होतं. आत्ती, म्हणजे सासूबाई, पहाटे तीनला उठून बसतात, परत झोपत नाहीत, आणि सकाळचे पहिले तीन-चार तास त्यांना सगळ्यात जड जातात. संध्याकाळी जरा बोलतात. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. वजन ५७ किलोवरून ५१ वर गेलं, पण ते काट्यावर नंतर कळलं. आधी कळलं ते ब्लाऊज सैल झाले तेव्हा. मिश्री पूर्वी दोनदा, आता दिवसातून पाच-सहा वेळा. नवरा कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, त्याला दिसली ती चिडचिड. शेजारणीला दिसलं की बाई आता कट्ट्यावर येत नाही. गौरीला भाजी-भाकरीचा निवद यंदा सुनेनंच केला, कारण सासूबाई "माझं अंग दुखतंय" म्हणून आतल्या खोलीत पडून होत्या.

प्रत्येकाजवळ स्वतःपुरतं पटणारं कारण होतं. लेक सासरी गेली, घर सुनं वाटणारच. लग्नाचं कर्ज आहे, आठवड्याचा हप्ता आहे, काळजी असणारच. पन्नाशी आली, पाळी जायचं वय. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि नेमकं त्यामुळंच चार महिने गेले. कारण दिसतंय म्हणून आजार नाही, असा हिशेब घरोघरी लावला जातो. तो चुकीचा आहे. पाय घसरून हाड मोडलं तरी ते मोडलेलंच असतं.

साधं दुःख आणि नैराश्याचा आजार यांतला फरक ओळखायला या घराला एक चांगली संधी मिळाली होती. नागपंचमीला लेक माहेरी आली. लेकीच्या आठवणीनं खचलेली आई लेक दारात दिसताच खुलली असती. या बाई तासभर बसल्या, मग "तू हाईस न्हवं, मी जरा पडते" म्हणून आत गेल्या. दुःखात सुखाचा क्षण आला की मन त्याला प्रतिसाद देतं. आजारात तो प्रतिसादच बंद पडतो. लेक दोन दिवस रडली, पण तिनंही अर्थ काढला तो "आई माझ्यावर रागावलीय" असा.

चार महिन्यांची पायपीट

बाईंनी मदत मागितली नाही असं नाही. त्यांनी ती शरीराच्या भाषेत मागितली: "अंगात ताकदच न्हाई", "काळीज धडधडतंय", "डोकं बधिर झालंय", "हातापायाला मुंग्या येत्यात". गावच्या दवाखान्यात सलाईन आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन झालं. त्या दिवशी बरं वाटलं, कारण कुणीतरी दोन तास जवळ बसलं होतं. मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, जवळजवळ रोज. झोपेसाठी अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅम, सुरुवातीला आठ दिवसांसाठी लिहून दिलेली आणि पुढं तीन महिने जुन्या चिठ्ठीवर मिळत राहिलेली.

अल्प्राझोलमनं झोप लागते, धडधड थांबते, म्हणून ती "लागू पडली" असं वाटतं. नैराश्यावर ती काम करत नाही. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते, मग तेवढ्याच गोळीत झोप येत नाही, आणि एकदम थांबवली तर घाबरेपणा दुप्पट होऊन परततो. सीमाभागातल्या मेडिकल दुकानांत ही गोळी फार सहज मिळते, असं स्पष्टच म्हणायला हवं.

अमावास्येला आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाला जाऊन आल्या, बाहेरचं काही असेल म्हणून अंगाराही लावला. यात नुकसान काही झालं नाही. उलट घराबाहेर पडणं, गाडीत चार बायकांबरोबर बसणं झालं. देवाला जाऊ नका असं सांगणारा आरोग्य कर्मचारी पहिल्याच भेटीत घराचं दार बंद करून घेतो. सांगायचं ते इतकंच, की दर्शनही होऊ दे आणि तपासणीही. एकासाठी दुसरं थांबवू नका.

दोन प्रश्न, दोनदा विचारलेले

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची बीपी-शुगरची पाहणी करताना आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात, करमणुकीत रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? उत्तराला ० ते ३ गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज ३ च्या वर गेली की पुढं पाठवायचं.

पहिल्यांदा हे प्रश्न सोप्यात, नवऱ्यासमोर आणि मुलासमोर विचारले गेले. फॉर्म कन्नडमध्ये, घाई, आणखी अकरा घरं बाकी. आशाताईंनी मराठीत एका दमात विचारलं, "मन बरं हाय न्हवं?" उत्तर आलं, "बरं हाय की." बेरीज शून्य.

दुसऱ्यांदा महिन्यानं, आकाशकंदील लागायच्या दिवसांत, सुनेनं आशाताईंना मागच्या दारी थांबवून सांगितलं तेव्हा. या वेळी त्या बाईंजवळ एकट्याच बसल्या, विड्यांचं सूप मांडीवर असतानाच. प्रश्न होकार गृहीत धरून विचारला: "मावशी, गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागंना असं किती दिवस झालं?" उत्तर यायला वेळ लागला. तो वेळ त्यांनी जाऊ दिला. "रोजच." उदासपणा निम्म्याहून जास्त दिवस. ३ आणि २, बेरीज ५.

माणसं तीच, प्रश्न तेच. फरक पडला तो कोण ऐकत होतं आणि प्रश्न कसा घातला याचा. "बरं हाय न्हवं" हा प्रश्न नसतो, नमस्कार असतो. त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

तिथून उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडं. तिथं नैराश्य किती आहे ते मोजणारी, नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली भरली जाते. ती मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. मराठी माणसाची प्रश्नावली मराठीतच भरून घ्यावी, हा हट्ट धरण्यासारखा आहे. गुण असे पडले: रस नसणं ३, उदासी २, झोप ३, थकवा ३, भूक २, "माझ्यामुळं घराला ओझं" ही भावना २, लक्ष न लागणं १, हालचाल मंद होणं १, जीव नकोसा वाटणं १. एकूण २७ पैकी १८. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० पासून पुढं तीव्र. गुणांवरून निदान पक्कं होत नाही, पण १८ गुणांच्या माणसाला "जरा विश्रांती घ्या" सांगून घरी पाठवता येत नाही.

नववा प्रश्न

आरोग्य अधिकारी कन्नड बोलणाऱ्या होत्या, मराठी समजायचं पण बारकावे नाहीत. सोबत आलेला मुलगा दुभाषी झाला आणि पहिले आठ प्रश्न बरे गेले. नवव्याला तो अडला. "स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का", हे आईला विचारायला त्याची जीभ वळेना. त्यानं आईला न विचारताच "न्हाई मॅडम, तसलं काय न्हाई, आन तसलं काय लिवू नका, पोलिसांचं लफडं नको" असं सांगून टाकलं.

घरच्या माणसाला दुभाषी केलं की हमखास इथंच गळती होते. मुलाला बाहेर बसवून आशाताईंना आत घेतलं गेलं. प्रश्न पायरीपायरीनं: जीव नकोसा वाटतो का? सकाळी उठूच नये असं वाटतं का? स्वतः काही करावं असं मनात येतं का? काय करायचं ते ठरवलंय का? घरात तसली वस्तू आहे का? आधी कधी असं झालंय का? बाईंनी पहिल्या दोन्हींना हो म्हटलं, तिसऱ्याला "कवातरी येतं मनात, पण नातवाचं तोंड दिसतं". पुढच्याला नाही. पूर्वी कधी नाही.

असं विचारल्यानं विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. विचारलं की बहुतेक माणसं मोकळी होतात. ओझं महिनोन् महिने एकट्यानं वागवलेलं असतं. पोलिसांच्या भीतीबद्दलही मुलाला नीट सांगितलं गेलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे; त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. आणि इथं तर नुसते विचार होते.

त्याच दिवशी घरात दोन गोष्टी झाल्या. सोप्यातल्या कोनाड्यात ठेवलेली फवारणीची औषधं चुलत्याच्या शेतातल्या खोलीत कुलपात गेली, किल्ली चुलत्याकडं. गोळ्यांची पाकिटं सुनेच्या ताब्यात, रोजची रोज काढून द्यायची. असे विचार बऱ्याचदा लाटेसारखे येतात आणि ओसरतात. त्या वेळात हाताशी काही नसणं हा मोठा बचाव असतो. तिसरं, बाईंना दोन नावं सांगायला लावली: विचार जास्त झाला तर आधी कुणाला हाक मारायची. एक सून, दुसरी शेजारीण. शिवाय १४४१६ हा टेली-मानसचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिला. मानसिक आरोग्यासाठीची ही फोनवरची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र, मोफत चालते आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते.

योजना ठरलेली असती, पूर्वी प्रयत्न झालेला असता, किंवा कानात आवाज येणं, खाणं-पिणं पूर्ण बंद होणं असं काही असतं, तर तालुक्याच्या दवाखान्यात तज्ज्ञ येतात त्या मंगळवारची वाट न पाहता त्याच दिवशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागलं असतं, आणि तोवर एका मिनिटासाठीही एकटं सोडायचं नसतं.

तालुक्याच्या दवाखान्यात

मंगळवारची वाट पाहायची ती यासाठी, की कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येतात. नेमका कोणता मंगळवार ते आशाताईंना विचारून जावं. बऱ्याच जणांची पहिली खेप फुकट जाते ती इथंच. घरच्यांचा कल कोल्हापूरला खाजगीत नेण्याकडं होता, निपाणीहून ते जवळही पडतं. हरकत काहीच नव्हती. पण हा उपचार वर्षभर चालतो, आणि दर महिन्याला भाडं, फी, बुडालेली मजुरी धरली तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खेपा थांबतात. गोळ्या तालुक्यात मोफत मिळत असतील तर तिथंच सुरुवात करावी आणि गुंतागुंत असेल तर बेळगाव किंवा धारवाडची सरकारी मानसोपचार संस्था गाठावी. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकत्र चालवण्यात गोळ्या दुप्पट होण्याचा धोका असतो.

डॉक्टरांनी आधी शरीराची कारणं तपासली: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईडसाठी टीएसएच, बी-१२. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, बाकी ठीक. रक्त कमी असल्यानं थकवा येतो, पण पहाटे तीनची जाग आणि "मी ओझं आहे" ही भावना त्यानं येत नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि नैराश्याचा उपचारही. आणखी एक प्रश्न घरच्यांना विचित्र वाटला: "पूर्वी कधी आठ-आठ दिवस झोप न लागता उत्साह ओसंडून वाहत होता का? बडबड, खर्च, मोठमोठ्या गोष्टी?" उत्तर नाही आलं. हो आलं असतं तर तो द्विध्रुवीय आजार असण्याची शक्यता धरावी लागते, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर रुग्ण उलट टोकाला जाऊ शकतो.

चिठ्ठी अशी: एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी, ५ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर, आठ दिवसांनी १०. अल्प्राझोलम एकदम बंद नाही, ०.५ वरून ०.२५ दोन आठवडे, मग आणखी निम्मी, मग बंद. डायक्लोफेनॅक मात्र लगेच थांबवलं, कारण एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळीबरोबर ते रोज घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल. मेडिकलमधून वेदनाशामक घेताना ही गोष्ट कुणी विचारत नाही. आपणच सांगावी लागते.

नवव्या दिवशी गोळी सुटली

पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, थोडी अस्वस्थता. मात्रा १० झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी गोळी थांबवली. "गोळी खाऊन जास्तच होतंय. आन ही सवय लागायची गोळी हाय म्हणं."

या औषधांचा त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा आठवड्यांनी येतो. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात माणसाच्या वाट्याला नुसता त्रासच असतो. हे आधी सांगितलं नाही तर बहुतेक जण नेमके इथंच सोडतात, आणि इथं ते कुणी सांगितलं नव्हतं. ओपीडीत गर्दी होती. आशाताई तिसऱ्या दिवशी गेल्या म्हणून कळलं. जेवण पोटभर झाल्यावरच गोळी, सकाळची मिश्री त्यानंतर, आणि आणखी दहा दिवस कळ काढायची, एवढ्यावर समजूत पटली. सवय लागणारी गोळी ती झोपेची होती, ही नव्हे. मात्र हीसुद्धा एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात झिणझिण्या, रडू येणं असं होतं, म्हणून बंद करतानाही हळूहळूच.

दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ चे गुण १५, सहाव्या आठवड्याला ९, बाराव्याला ४. सुधारणेचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी झोप, मग भूक, मग हालचाल, आणि मन सगळ्यात शेवटी. घरच्यांना चेहऱ्यावरून सुधारणा दिसते, पण बाईंना आतून अजून काहीच वाटत नसतं. अंगात बळ आलेलं आणि मन अजून काळोखात, अशा या मधल्या दिवसांत लक्ष कमी करायचं नसतं. फवारणीची औषधं तिसऱ्या आठवड्यात "आता बरं हाय की" म्हणून परत आणायची चर्चा झाली होती. किल्ली चुलत्याकडंच राहिली, हे बरं झालं.

गोळीखेरीज

शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना पुन्हा छोट्या-छोट्या कामांत गुंतवलं. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक बरे म्हणावेत अशा गुणांवर आले होते. नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. तर्क साधा आहे. उत्साह आला की काम करू, असं नैराश्यात म्हणत बसलं तर उत्साह येतच नाही. आधी थोडं काम, मग मन मागून येतं.

इथं ते असं झालं. विड्यांचा आकडा ठरवायचाच नाही, असं पहिले दोन आठवडे. त्याऐवजी सकाळी साडेसहाला सुनेबरोबर पाणंदीनं दहा मिनिटं चालणं, रोज नातवाचे केस विंचरणं, आणि आठवड्यातून एकदा लेकीला स्वतः फोन. प्रत्येक काम झालं की कॅलेंडरवर फुली. तिसऱ्या आठवड्यापासून शंभर विड्या, तेवढ्याच, जमल्या तरी जास्त नाही. पहिल्याच आठवड्यात मुलानं "आज दोनशे करून बघ" म्हटलं, त्या दिवशी ऐंशी झाल्या आणि पुढचे दोन दिवस बाई उठल्या नाहीत. आवाक्याबाहेरचं काम नापासाचा शिक्का मारतं, म्हणून हा हिशेब मुद्दाम कमी ठेवायचा.

हप्त्याचा प्रश्न गोळीनं सुटत नव्हता. मुलानं आणि नवऱ्यानं मिळून कर्जाचे आकडे कागदावर मांडले, बचत गटाला दोन महिने कमी हप्ता घ्यायची विनंती केली, ती मान्य झाली. घरातली बोलणीही बदलावी लागली. "मन घट्ट कर", "आमच्या आयांनी दहा पोरं वाढवली" ही वाक्यं बंद. "आत्ती, आज कालच्यापेक्षा कसं हाय?" एवढं पुरतं, उत्तर "तसंच" आलं तरी.

पुढचं वर्ष

बरं वाटायला लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवायची असते. पहिलाच झटका असेल तर साधारण एवढं, दुसरा-तिसरा असेल तर जास्त. या घरात गोळी बंद करायचा दिवस पावसाळ्यात येत होता. तो पुढं ढकलून दिवाळीनंतरचा ठरला, कारण मागचा आजार पावसाळ्यातच वाढला होता आणि त्या दिवसांत तंबाखू दमट होऊन कामही अनियमित होतं. १० वरून ५, महिनाभर. मग एक दिवसाआड नव्हे, तर डॉक्टर सांगतील तसं रोजच्या मात्रेतच आणखी कमी. मधल्या काळात लेकीकडं इचलकरंजीला महिनाभर राहायला जायचं झालं, तर ओपीडीची चिठ्ठी आणि पूर्ण महिन्याच्या गोळ्या पिशवीत आधी भरायच्या. तालुक्याच्या दवाखान्यात तसं सांगितलं तर त्या एकदम मिळतात का, हे निघण्याआधीच्या मंगळवारी विचारून घ्यायचं.